दूर की धूर?

भाच्याची श्रुतलेखनाची वही समोर आहे. बाईंनी सांगितलं 'धूर', त्याने लिहिलं 'दूर'. 'खार'ची 'कार' झाली, 'थोडा'चं 'तोडा'. वर्ग ठाण्याच्या नौपाड्यात, अगदी रस्त्याच्या अंगाला. खाली रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर दोन पंखे. रात्री घरी सगळं शांत झाल्यावर ताईने तेच शब्द घातले, तर एकही चुकला नाही. तरी वहीत शेरा होताच: 'लक्ष नसते.' कान तपासून घेतले. ऑडिओग्राम नॉर्मल.

इथेच बरेच पालक थांबतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. ऑडिओग्राम शांत खोलीत एकेक सूर ऐकवून इतकंच मोजतो, की किती बारीक आवाज कानाला कळतो. वर्गातलं ऐकणं याहून फार अवघड. 'द' आणि 'ध' यांच्यात फरक हवेच्या एका झोताचा, तोही सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. पंख्याच्या घरघरीतून तो टिपायचा असतो मेंदूने. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाईंचा आवाज गोंगाटातून वेगळा काढतो. कान चांगला असूनही हे काम नीट होत नसेल, तर त्याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे एपीडी म्हणतात.

याच्या चाचण्या साधारण सात वर्षांनंतर करतात. त्याआधीच्या निकालांवर फारसं विसंबता येत नाही. भाच्याच्या हेडफोनमध्ये उजवीकडे 'चार, नऊ' आणि त्याच क्षणी डावीकडे 'दोन, सात' असे आकडे आले. चारही सांगायचे होते. उजव्या कानाचे तो धडाधड सांगायचा, डाव्याचे गळायचे. उजव्या कानाचा निरोप मेंदूच्या डाव्या, भाषेच्या बाजूला थेट जातो. डाव्या कानाच्या निरोपाला दोन अर्धगोलांमधला पूल ओलांडावा लागतो. उजव्या कानाची ही सरशी मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुरा यांनी 1961 मध्ये दाखवली. हा पूल किशोरवयापर्यंत पक्का होत असतो, म्हणून गुण नेहमी वयाशी ताडून पाहतात. दुसऱ्या चाचणीत एकसारख्या खरखरीत मधेच बारीकसा खंड पडतो. मोठ्या माणसाला 5-6 मिलिसेकंदांचा खंडही कळतो.

पण एका चाचणीवरून शिक्का मारू देऊ नका. एडीएचडी (लक्ष टिकवायला जड जाणं), डिस्लेक्सिया (वाचायला जड जाणं), भाषेच्या अडचणी या सगळ्यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, आणि एपीडी हा स्वतंत्र विकार मानावा का यावर तज्ज्ञांतच वाद आहे. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, यांच्याबरोबर स्पीच थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञही हवेत. चाचणीचे शब्दही मुलाच्या भाषेतले हवेत, नाहीतर आपण त्याचं इंग्रजीच तपासत बसू.

मोठ्यांमध्ये हे डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर किंवा वयाने येऊ शकतं. ठाणे स्टेशनवर घोषणा ऐकू तर येते, पण गाडी कुठली नि फलाट कुठला ते उमगत नाही. अशांनी आधी साधी श्रवण तपासणी करावी, कारण उतारवयात बारीक, उंच सूर कमी ऐकू येणं जास्त आढळतं.

यावर गोळी नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बाईंच्या गळ्याशी मायक्रोफोन आणि मुलाच्या कानात रिसीव्हर: आवाज वर्गभर फिरून येण्याऐवजी थेट कानात येतो. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबलने वर असावा असं सांगतात. रस्त्यालगतच्या वर्गात तो तेवढा कुठून असणार? डाव्या कानाचे, गोंगाटात ऐकण्याचे सराव असतात. त्यांनी चाचणीतले गुण वाढतात, रोजच्या ऐकण्यात किती फरक पडतो ते मात्र मुलागणिक वेगळं. तपासणीसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत चौकशी करता येईल.

भाचा आता दुसऱ्या बाकावर, भिंतीकडे बसतो. बाकांच्या पायांना रबरी टोप्या लावल्यात, आणि नवा शब्द बाई आधी फळ्यावर लिहितात. परवा 'धूर' बरोबर आला. 'घाट' अजून 'गाट' होतो.