सैल हातानं धरलेली बॉबिन

सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या माथ्यावर रोव्हिंगच्या (कातण्याआधीच्या पेळूच्या) बॉबिनी वटवाघळांसारख्या लटकलेल्या असतात. प्रत्येकीच्या पोकळ नळीत वरून एक होल्डर शिरलेला असतो. कामगार भरलेली बॉबिन खालून वर ढकलतो, टक् आवाज येतो, बॉबिन अडकते. रिकामी झाली की परत वर ढकलायची, परत टक्, आणि ती हातात येते. बॉलपेनची खटकी जशी चालते तशीच ही युक्ती. आतली एक कडी दर ढकलण्यागणिक थोडी फिरते आणि तिच्या जोरावर छोटे पंख आळीपाळीनं बाहेर येतात नि मिटतात. एका चातीमागे (सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या दांड्यामागे) एक बॉबिन धरली, तरी पंचवीस हजार चात्यांच्या सूतगिरणीत असे निदान पंचवीस हजार होल्डर लागतात. त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, तो भाग वेगळा. ही गोष्ट त्यांचीच: बॉबिन थोडी लहानमोठी किंवा एका अंगाला जड असली तरी स्वतःला तिच्याशी जुळवून घेणारा होल्डर कसा आला त्याची.

या होल्डरच्या आधी काय होतं? लाकडी कांब. बॉबिनीच्या पोटातून कांब घालायची आणि तिचं खालचं टोक चिनी मातीच्या छोट्या वाटीत टेकवायचं. रोव्हिंग म्हणजे जेमतेम पीळ दिलेला कापसाचा पेळू, बोटांनी हलकेच ओढला तरी सुटणारा. भरलेली बॉबिन जड, कांबेचं टोक झिजलेलं आणि वाटीत रुई साचलेली असली की बॉबिन अडखळत फिरते आणि पेळू ताणला जातो. तो तुटला तर निदान दिसतो. न तुटता नुसता ताणला गेला तर सुतात पातळ जागा तयार होते आणि ती कापड विणून झाल्यावर उजेडात धरल्यावर सापडते. म्हणून बॉबिन टेकवण्याऐवजी टांगायची, वर बॉल बेअरिंग द्यायचं, आणि ती फाजील फिरू नये म्हणून एक हलका ब्रेकचा दांडा तिच्या अंगाला टेकवायचा, अशी रचना रुळली.

पण बॉबिन धरण्याची खरी गोष्ट माथ्यावर घडली नाही, खाली चातीवर घडली.

रिंग पद्धतीनं सूत कातण्याचं पेटंट अमेरिकेत जॉन थॉर्प यानं १८२८ मध्ये घेतलं. कल्पना चांगली होती, पण पुढची चाळीसेक वर्षं वेग काही वाढेना. कारण बॉबिनच होतं. लाकूड कितीही नेमकं कातलं तरी ते दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, एका अंगाला झिजतं, आणि त्यावर सूतही अगदी सारखं बसत नाही. त्यामुळे बॉबिनीचा गुरुत्वमध्य चातीच्या मध्यरेषेपासून जरा बाजूला सरकतो. चाती वर-खाली दोन पक्क्या बेअरिंगांत जखडलेली. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास गेलं की ती थरथरू लागे, बेअरिंग तापे, तेल उडे, सूत तुटे. त्यावर साधा उपाय सगळे करत: बेअरिंग आणखी घट्ट करायचं. त्यानं थरथर आणखी वाढे.

१८७१ मध्ये सॉयर चाती आली. तिनं चाती हलकी केली आणि वरचं बेअरिंग उचलून थेट बॉबिनीच्या पोकळीत नेलं. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस रॅबेथची चाती आली आणि तिनं गणित उलटंच करून टाकलं. दोन्ही बेअरिंगं एकाच नळीत, ती नळी तेलात बुडालेली, आणि नळीभोवती मऊ वेष्टन. म्हणजे बेअरिंगलाच थोडं हलायची मुभा. बॉबिन एका बाजूला जड असली तर चाती किंचित सरकते, आपला मध्य आपणच शोधते आणि त्याभोवती शांत फिरू लागते. वेग साडेसात हजारांवर आणि पुढे दहा हजारांपर्यंत पोहोचला. मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेल गावच्या ड्रेपर कंपनीनं या चात्यांवर मोठा धंदा उभा केला.

स्वतःला जुळवून घेणारा होल्डर म्हणतात तो इथं जन्मला, असं मला वाटतं. आणि गंमत अशी की हे का चालतं, ते तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. १८६९ मध्ये रँकिनसारख्या मोठ्या अभियंत्यानं लिहून ठेवलं होतं की फिरत्या दांड्याला एका ठरावीक वेगाच्या पलीकडे नेताच येणार नाही. पुढच्या वीसेक वर्षांत स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचीक दांडा लावून ती त्या वेगाच्या पलीकडे चालवून दाखवली. त्यामागचं गणित नीट मांडलं हेन्री जेफकॉटनं, १९१९ साली. तोपर्यंत रॅबेथच्या धर्तीच्या चात्या कित्येक वर्षं फिरत होत्या. घरातलं कपडे धुण्याचं यंत्र आठवा. पिळण्याचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, पक्का बोल्ट मारलेला नसतो. ओली चादर एका बाजूला गोळा झाली की सुरुवातीला तो धडधडतो आणि वेग वाढल्यावर शांत होतो. तत्त्व तेच आहे.

आपल्याकडे मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवला सूत निघू लागलं. कंपनी निघाली त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. गिरण्यांची यंत्रं लँकेशायरची, त्यामुळे नावंही तिकडची, पण आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. कातण्याच्या जुन्या यंत्राला इंग्रजीत थ्रॉसल म्हणत, म्हणजे एक गाणारा पक्षी, यंत्राच्या गुणगुणण्यावरून पडलेलं नाव. त्याचं गिरणगावात ‘त्रासन’ झालं आणि रिंग फ्रेम आल्यावरही खात्याचं नाव त्रासनच राहिलं. त्या खात्यातली गरमी आणि उडणारी रुई ज्यानं सोसली त्याला हे नाव मराठीच वाटलं असणार.

जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिंग चात्या आणल्या. तेव्हा खुद्द लँकेशायर म्यूल हे कातण्याचं जुनं यंत्र सोडायला तयार नव्हतं.

विणाईच्या बाजूला कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची बॉबिन, मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात धरण्याचा प्रश्न होता. साध्या मागाच्या धोट्यात एक बिजागरीची जीभ असते. ती उचलायची, कांडी तिच्यावर सरकवायची, परत आडवी दाबायची. जीभ मधोमध चिरलेली आणि आत स्प्रिंग, त्यामुळे आडवी झाली की जरा फुगते आणि कांडीला आतून पकडते. कांडीचं भोक थोडं लहानमोठं असलं तरी चालतं. १८९० च्या दशकात जेम्स नॉर्थ्रॉप यानं होपडेलमध्येच त्याच्या पुढची पायरी गाठली. भरलेल्या कांड्या मागाच्या बाजूला एका चक्रात रचलेल्या. धोट्यातली कांडी संपत आली की वरून एक हातोडा नवी कांडी खाली दाबतो, जुनी खालून निसटून जाते, आणि हे सगळं माग चालू असताना. कांडीच्या बुडाशी पोलादी कड्या आणि धोट्यात स्प्रिंगचे जबडे, कड्या जबड्यांच्या खाचांत बसतात. जबडा ताठ असता तर पहिल्याच घावात फुटला असता. मुंबईच्या गिरण्यांनी मात्र बराच काळ साधे मागच चालवले. माणसाचा हात स्वस्त होता.

आता ठाण्याकडे. पोखरण रोडवरची रेमंड सगळ्यांना ठाऊक. हे नाव १९२५ मध्ये लागलं, १९४४ मध्ये सिंघानिया कुटुंबानं गिरणी घेतली. आता तिथं उंच इमारती आहेत. मुलुंडच्या सीमेजवळची मॉडेला ही दुसरी लोकरीची गिरणी, तिचं नाव चेकनाक्यानं टिकवलं. अशा गिरण्यांत, मुंबईच्या कापडगिरण्यांसारखंच, सूत आतच कातलं जाई आणि आतच विणलं जाई. बॉबिन स्वतःची, तिचं माप स्वतःचं, ती धरणारी खुंटीही त्याच मापाची. होल्डरला चार प्रकारच्या नळ्या धरायची वेळच येत नसे. जुन्या गिरण्यांच्या क्रीलवरच्या, म्हणजे बॉबिनी रचण्याच्या चौकटीवरच्या, खुंट्या ओबडधोबड दिसतात त्याला अज्ञान कारण नाही, गरज नव्हती हे आहे.

कल्याणच्या बाजूला एक वेगळंच प्रकरण होतं. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची नॅशनल रेयॉन. व्हिस्कोसचा, म्हणजे रेयॉनचा, धागा चार्ल्स टॉपहॅमनं १९०० मध्ये काढलेल्या युक्तीनं गोळा करतात: वेगानं फिरणाऱ्या एका भांड्यात धागा सोडायचा, तो भांड्याच्या भिंतीला चिकटत जातो आणि आत धाग्याचं कडं तयार होतं. त्याला केक म्हणतात. इथं बॉबिनच नाही! नुसतं मऊ कडं, धुऊन वाळवलं की आकार थोडा बदललेला. ते धरायचं कसं? आतून छत्रीसारखा उघडणारा होल्डर घालायचा, जो भिंतीला सगळीकडून सारखा टेकेल आणि कुठेही टोचणार नाही. जास्त जोर दिला तर कडं फाटतं, कमी दिला तर ढासळतं. बॉबिनीला निदान एक पक्की नळी असते, तिच्यावर थोडी बळजबरी खपते. केकवर ती सोयही नाही.

मग १८ जानेवारी १९८२ आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि गिरण्यांतली विणाई हळूहळू यंत्रमागांकडे सरकली. भिवंडीत माग आधीपासून होतेच, आता ते लाखोंच्या घरात गेले, आणि त्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले. सूत मात्र भिवंडीत कातलं जात नाही. कोइमतूर, इचलकरंजीहून सुती कोन, म्हणजे निमुळत्या नळीवर गुंडाळलेलं सूत, येतात, सुरत-सिल्वासाहून पॉलिस्टर येतं. कोनाचा उतार कुठे ४ अंश २० मिनिटं, कुठे ५ अंश ५७ मिनिटं, कुठे ९ अंश १५ मिनिटं. पॉलिस्टरची कागदी नळी तर सरळ, तिला उतारच नाही. मराठीत कोन म्हणजे सुताचाही आणि भूमितीचाही, इथं दोन्हींचा घोळ एकाच खुंटीवर होतो. एका गिरणीच्या भिंतीआड जे माप ठरून गेलेलं असे, ते आता ट्रक उघडल्याशिवाय कळत नाही. आपोआप जुळणाऱ्या खुंटीची गरज आपल्या भागात इथून पुढे वाढली, असा माझा तर्क आहे.

त्यातच कामाची पद्धतही बदलली होती. जुन्या वार्पिंगमध्ये, म्हणजे मागासाठी उभे धागे रचण्याच्या कामात, बॉबिन स्वतः फिरे आणि धागा तिच्या बाजूनं सुटे. यंत्र सुरू होताना जड बॉबिनीला धक्का बसे, थांबताना ती फिरतच राही आणि धाग्याला झोल पडे. शिवाय बॉबिन बारीक होत गेली की तोच ब्रेक धाग्याला जास्त ताण देई, कारण ओढण्याची तरफ आखूड होते. त्यावर सुताच्या पृष्ठभागावर टेकलेला दांडा उपयोगी पडे. सूत कमी होईल तसा तो आत येतो आणि ब्रेक सैल करतो. कोन आल्यावर हे सगळं मागे पडलं. कोन फिरतच नाही, धागा त्याच्या टोकावरून सुटतो आणि वेग कितीतरी पट वाढवता येतो. त्यामुळे आता खुंटीनं फिरायचं नसतं, नेम धरायचा असतो. कोनाचा अक्ष धागा ज्यातून जातो त्या समोरच्या डोळ्यावर नीट रोखलेला हवा. कोन जरा कलला तरी धागा नळीच्या टोकाला घासतो आणि ताण दर फेरीला वरखाली होतो.

आजच्या खुंट्यांत हे साधायचे बरेच मार्ग दिसतात: पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रबरी कड्या, प्लॅस्टिकच्या तीन पाकळ्या. कातण्याच्या बाजूलाही चातीच्या ॲल्युमिनियमच्या टोपीवर स्प्रिंगची बटणं असतात, ती नळीला आतून मध्यावर धरतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्याला यातलं काहीच अवघड नाही. लेथ आहे, स्प्रिंग वळणारा आहे, मोल्डिंगचं यंत्र आहे. अवघड आहे ते दोन मागण्यांचा मेळ घालणं. एका क्रीलवर चारशे-पाचशे कोन, ते बदलणारा माणूस एका हातानं काम करतो. स्प्रिंग कडक ठेवली तर कोन हलत नाही, पण संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं. सैल ठेवली तर कोन डुगडुगतो. आणि रुई. उघडी स्प्रिंग म्हणजे रुईला आमंत्रण. माथ्यावरच्या होल्डरची खटकी डबीत बंद असते ती उगाच नाही.

भिवंडीच्या एका शेडमध्ये मी क्रीलच्या खुंट्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या पाहिल्या. वार्पिंगवरच्या काकांना विचारलं, “चिंध्या कशाला, काका?”

“कोन हालतो ना. घट्ट खुंटी दिली होती मालकानं, मग कोन निघेना. त्यापेक्षा चिंधी बरी. कोन बदलला की एक वेढा काढायचा नाहीतर घालायचा.”

रॅबेथच्या मऊ वेष्टनाची आठवण झाली, पण ते सांगत बसलो नाही. काही महिन्यांनी परत गेलो तेव्हा काकांनी तीन पाकळ्यांच्या नव्या खुंट्या चार ठिकाणी लावून बघितल्या होत्या. तीन व्यवस्थित चालत होत्या. चौथीत रुई शिरून एक पाकळी आतच अडकली होती, आणि तिच्यावर परत चिंधी होती.