मधल्या जागा कोण भरतं?

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाचा तो रंगीत नकाशा असतो ना, निळ्यापासून लालपर्यंत एकदम गुळगुळीत, तो बघून बऱ्याच जणांना खरंच वाटतं की नकाशातल्या प्रत्येक ठिपक्यावर कोणीतरी थर्मामीटर लावलाय. तसं नसतं. मोजमाप मोजक्याच ठिकाणी होतं, मधली जागा गणिताने भरलेली असते. या भरण्याला इंटरपोलेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत अंतर्वेशन, आणि त्यातली एक पद्धत, सूत्राऐवजी अट ठरवून जागा भरण्याची, मला इतकी आवडते की तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

शाळेत आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून रेघ काढलेली आठवत असेल. दोन ठिपक्यांतून सरळ रेघ, तीन ठिपक्यांना द्विघाती बहुपदी, चाराला त्रिघाती, कितीही ठिपके द्या, बहुपदी सापडतेच, फक्त दोन ठिपके एकाच उभ्या रेषेत नकोत. हे सुख एका चलापुरतंच. दोन चलांच्या द्विघाती बहुपदीत सहा सहगुणक असतात, म्हणजे सहा ठिकाणची मोजमापं मिळाली की काम व्हायला हवं, पण ती सहा ठिकाणं नेमकी एका वर्तुळावर असली तर? वर्तुळाचं समीकरण स्वतःच द्विघाती आहे आणि त्या सहाही ठिकाणी ते शून्य देतं, त्यामुळे उत्तरात ते कितीही पट मिसळलं तरी मोजमापांना पत्ता लागत नाही. एकतर उत्तरच नाही, नाहीतर अगणित उत्तरं. आणि हा दोष एकट्या बहुपदींचा नाही. १९५६ साली मायरह्यूबर या गणितज्ञाने जे सिद्ध केलं त्यातून निघतं की सपाट पृष्ठभागावर, ठिकाणं बघायच्या आधीच एकाहून जास्त सलग फलनांचा (फंक्शन्सचा) संच ठरवून बसलात तर कुठल्या ना कुठल्या मांडणीत तो अडकणारच.

मग सूत्र आधी ठरवायचंच नाही. एक अट ठरवायची आणि ती पाळणारं जे फलन येईल ते घ्यायचं. सगळ्यात साधी अट अशी की जिथे मोजमाप नाही तिथली किंमत शेजाऱ्यांच्या सरासरीइतकी असावी. लाप्लासचं समीकरण म्हणतात ते मनाने हेच आहे, आणि एलिप्टिक, म्हणजे कडेच्या किमतींवरून आतल्या किमती ठरवणाऱ्या, समीकरणांच्या कुटुंबातलं ते सगळ्यात साधं.

करूनच बघू. चौकटीच्या कागदावर शेजारी-शेजारी दोन रिकामी घरं आहेत, अ आणि ब. अ-च्या बाकी तीन शेजाऱ्यांत २०, २२, २४ लिहिलंय, ब-च्या तिघांत ३०, ३२, ३४. अ काढायला ब लागतो, ब काढायला अ लागतो, म्हणजे फिरून तिथेच. तरी बिनधास्त सुरू करायचं. ब शून्य धरा, अ येतो १६.५. आता हा अ वापरून ब काढा, २८.१२५. परत अ, २३.५३. परत ब, २९.८८. अजून एक फेरी, २३.९७ आणि २९.९९. खरी उत्तरं २४ आणि ३०. सुरुवात शून्याऐवजी हजाराने केली असती तरी इथेच पोचलो असतो! घरं लाखभर असली तरी तत्त्व हेच, फक्त फेऱ्या खूप लागतात.

यातून एक गोष्ट फुकट मिळते. आतलं कुठलंही घर त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांपेक्षा मोठं होऊच शकत नाही, कारण सरासरी कधी सगळ्यांच्या वर जात नाही. म्हणजे कडेला २० ते ३४ असेल तर आत कुठेही ३५ येणार नाही. बहुपदीला हे भान नसतं, १९०१ मध्ये गणितज्ञ रुंगेने दाखवलेलं एक साधं गुळगुळीत फलन आहे, त्यावर समान अंतरावर ठिपके घेऊन ते वाढवत गेलं तर टोकांजवळ बहुपदी वाट्टेल तशी उसळते.

पण एक मोठी अडचण आहे आणि ती मला सगळ्यात सुंदर वाटते. १९४४ मध्ये गणितज्ञ काकुतानीने दाखवलं की लाप्लासचं उत्तर असंही काढता येतं, आतल्या बिंदूपासून एक कण दिशाहीन भटकत सोडा, तो कडेला जिथे पहिल्यांदा आपटेल तिथली किंमत टिपा, असं असंख्य वेळा करून सरासरी घ्या. आता मोजमाप कडेवर नसून मध्ये एकाच बिंदूवर असेल तर? सपाट पृष्ठभागावर भटकणारा कण नेमक्या त्या बिंदूवर आपटायची शक्यता शून्य आहे. म्हणजे त्या मोजमापाला मतच नाही. ताणलेल्या रबराला सुईने उचलल्यासारखं होतं, सुई जितकी बारीक तितका तंबू अरुंद, बाकीचं रबर जागचं हलत नाही.

उपाय म्हणजे रबराऐवजी लवचिक पत्रा. लाप्लासची क्रिया, म्हणजे शेजाऱ्यांच्या सरासरीशी फरक काढणं, दोनदा लावायची, त्याला बायहार्मोनिक समीकरण म्हणतात, आणि पत्र्याला सुईच्या एका टोकावरही वाकवता येतं. प्रत्येक मोजमापाभोवती अंतराचा वर्ग गुणिले अंतराचा लॉगॅरिदम असा एक आकार बसवायचा, त्यात एखादी सपाट तिरपी पातळी मिसळायची, सहगुणक सोडवायचे. ठिकाणं सगळी एका रेषेवर नसली की उत्तर मिळतं आणि एकच मिळतं. मायरह्यूबरची भिंत इथे आडवी येत नाही कारण आकार मोजमापांची ठिकाणं बघून ठरलेत. चलं वाढली की क्रिया आणखी वेळा लावावी लागते, नियम असा की क्रियांच्या संख्येची दुप्पट चलांच्या संख्येपेक्षा जास्त हवी. १९८७ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ सँडवेलने जिओस-३ आणि सीसॅट उपग्रहांच्या समुद्रपातळीच्या मोजमापांवर हीच पद्धत वापरली.

किंमत मोजावी लागतेच. पत्रा सरासरीचा नियम पाळत नाही, तो उसळतो, पावसाच्या नकाशात शून्याखालचा पाऊसही दाखवू शकतो. म्हणून १९९० मध्ये स्मिथ आणि वेसलने पत्र्याला थोडा ताण दिला, रबर आणि पत्रा यांच्या मधलं काहीतरी.

'हाय रिझोल्यूशन' म्हणून मिरवणारे नकाशे किंवा जुन्या फोटोतला फाटलेला भाग 'एआयने परत आणला' असल्या बातम्या वाचताना मला राग येतो तो यामुळेच. नवीन मोजमाप न घेता घरं बारीक केली तर माहिती वाढत नाही. फोटोत भरलेला डोळा त्या माणसाचा डोळा नाही, भरणाऱ्याने धरलेल्या अटीचा परिणाम आहे.

मोजमापं बिंदूंऐवजी रेषांवर असतील, जहाजाच्या वाटेवर घेतलेली वगैरे, तर साधं रबरही चालतं, कारण भटकणारा कण रेषेला आपटतोच. बल्गेरियन गणितज्ञ कुंचेव यांचे पॉलिस्प्लाइन याच जातीचे, वक्रांवर मोजमापं, दोन वक्रांच्या मधल्या पट्ट्यात बायहार्मोनिकसारखं समीकरण, आणि वक्रावर पट्टे गुळगुळीत जोडलेले. यात चल एकच ठेवा, लाप्लासची सरळ रेघ होते आणि बायहार्मोनिकचा तोच क्यूबिक स्प्लाइन, म्हणजे त्रिघाती तुकडे गुळगुळीत जोडून केलेली रेघ, जो ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज वापरला जातो.