खुलासा: अमेरिकेत ट्रम्प म्हणतील त्यालाच तिकीट?

"तिकडे पण आपल्यासारखंच, वरचा नेता म्हणेल त्याला तिकीट" हे कधीपासून फिरतंय, पण चूक आहे. पक्षाचा गव्हर्नरपदाचा (म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाचा, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) उमेदवार बहुतेक राज्यांत प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीत, मतदारच ठरवतात. २०२२ ला जॉर्जिया राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत ट्रम्पनी तेव्हाचे गव्हर्नर ब्रायन केम्प यांच्याविरुद्ध माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यूंना उघड पाठिंबा दिला, सभा घेतली, आणि झालं काय तर केम्प ७० टक्क्यांच्या वर, पर्ड्यू २२ च्या आसपास, पार धुव्वाच. बरं तिथे नुसतं पहिलं येऊनही भागत नाही, ५० टक्के ओलांडायला लागतात नाहीतर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान. २०१८ ला तिथले तेव्हाचे उपगव्हर्नर केसी केगल पहिल्या फेरीत पुढे होते आणि रनऑफमध्ये याच केम्पकडून आपटले (तेव्हा ट्रम्प केम्पच्याच बाजूने होते, घ्या!).