व्हायोलिनच्या आतील चिठ्ठी आणि क्रेमोनाचे कारागीर

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या व्हायोलिनांपैकी काहींच्या आत, दर्शनी बाजूच्या डावीकडच्या छिद्रातून डोकावल्यास, ‘आंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस’ असे लॅटिन शब्द आणि पुढे १७ ने सुरू होणारे साल छापलेली चिठ्ठी दिसते. आजोबांचे वाद्य जपून आणलेल्या ग्राहकाला ‘ही चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे’ असे सांगताना आम्हालाही जड जाते. त्यामागचे कारण नीट समजावे, यासाठी हे माहितीपत्रक.

चिठ्ठीवर ज्यांचे नाव असते ते नामवंत व्हायोलिन कारागीर आंतोनियो स्त्रादिवारी १८ डिसेंबर १७३७ रोजी उत्तर इटलीतील क्रेमोना येथे वारले. नव्वदी ओलांडूनही ते काम करीत होते आणि राजघराण्यांच्या मागण्या त्यांच्याकडे येत असत. त्याच गावातील दुसरे कारागीर ज्युसेप्पे ग्वार्नेरी यांना असा आश्रय फारसा लाभला नाही. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील वाद्यांवर हत्यारांच्या खुणा तशाच राहिलेल्या दिसतात, तरीही त्यांचा नाद आज स्त्रादिवारींच्या तोडीचा मानला जातो. पुढे जे घडले ते फार वेगाने घडले. स्त्रादिवारींचे पुत्र ओमोबोनो १७४२ मध्ये आणि फ्रांचेस्को १७४३ मध्ये वारले, ग्वार्नेरी १७४४ मध्ये गेले आणि तेथलेच कारागीर कार्लो बेर्गोन्झी १७४७ मध्ये. अवघ्या दहा वर्षांत त्या गावातील थोर हात थांबले. व्हार्निशचे (लाकडावरील चकचकीत लेपाचे) एखादे रहस्य हरवल्यामुळे ही कला लोपली असे पुष्कळदा सांगितले जाते. आमच्या मते घराण्यातून घराण्यात चालणारी शिकवण तुटली आणि मोठे गिऱ्हाईक आटले, हे कारण अधिक पटणारे आहे.

त्यानंतरच्या काळात कारागिराला कामाच्या शोधात गाव बदलावे लागे. जोव्हान्नी बात्तिस्ता ग्वादान्यीनी यांनी पिआचेन्झा, मिलान, काही काळ क्रेमोना आणि मग पार्मा असा प्रवास केला. पार्मात त्यांना दरबाराचा आश्रय मिळाला होता. १७७१ मध्ये तेथील मंत्री द्यु तियो पदच्युत झाल्यावर ते तुरीनला गेले. तेथे कोझिओ दी सालाबुए या तरुण सरदाराने त्यांची नवी वाद्ये विकत घेण्यास सुरुवात केली. याच सरदाराने १७७५ च्या सुमारास स्त्रादिवारींचे कापडव्यापारी पुत्र पाओलो यांच्या घराण्याकडून उरलेली वाद्ये, साचे आणि हत्यारे खरेदी केली. त्यांपैकी बरेचसे सामान आज क्रेमोनाच्या संग्रहालयात आहे. तुरीनमधील चिठ्ठ्यांवर ग्वादान्यीनी स्वतःला ‘स्त्रादिवारींचा शिष्य’ म्हणवतात, पण ते त्यांच्याकडे शिकल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. स्वतः इतका थोर असलेल्या कारागिरालाही त्या दिवंगत कारागिराचे नाव जोडणे सोयीचे वाटावे, यावरून त्या नावाची किंमत तेव्हापासूनच वाढू लागली होती, हे ध्यानात येते. मिलानचे मांतेगाझा बंधू तर कोझिओंसाठी जुन्या वाद्यांच्या माना बदलून देत असत, म्हणजे दुरुस्ती आणि फेरबदल हाच तेव्हाचा एक भरवशाचा धंदा झाला होता. आमच्या कामाची परंपरा आम्ही त्यांच्यापर्यंत नेतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील मिरकूर आणि जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन येथे व्हायोलिने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, तेव्हा त्यांच्या आत स्त्रादिवारी, ग्वार्नेरी किंवा क्रेमोनाचेच जुने कारागीर घराणे आमाती यांच्या नावाच्या चिठ्ठ्या सर्रास चिकटवल्या गेल्या. बहुतेक वेळा त्यातून ‘या धर्तीचे वाद्य’ एवढेच सुचवायचे असे. खरेदीदारालाही ते ठाऊक असे. चिठ्ठीखाली ‘मेड इन जर्मनी’ सारखी ओळ असेल, तर वाद्य बहुधा १८९० नंतरचे आहे, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी आयात कायद्याने मालावर देशाचे नाव आवश्यक केले. ती ओळ नसल्यास मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वाद्याची ओळख पटवताना आम्ही चिठ्ठीऐवजी लाकडाचा पोत, छिद्रांची कापणी, शंखाकार शिराचे कोरीव काम आणि कडेने जडवलेली बारीक पट्टी यांकडे पाहतो. मिलानच्या तेस्तोरे घराण्याच्या स्वस्त वाद्यांवर मागच्या बाजूची ही पट्टी कधीकधी न जडवता नुसती रेखलेली आढळते. आपण वाद्य दाखवायला आणाल तेव्हा चिठ्ठी ओरबाडू किंवा ओल्या कापडाने पुसू नये, आणि जुनी पेटी, गज व पावती असल्यास सोबत आणावी.