सीडीचा कोन मोजणारं कुलूप: पीसी गेममध्ये डीआरएम नेमकं कशाला म्हणायचं?

ऑक्टोबर २०२४मध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेणाऱ्यांना पैसे भरायच्या पानावर एक नवी ओळ दिसू लागली. तुम्ही पैसे मोजताय ते या डिजिटल वस्तूच्या परवान्यासाठी, असा तिचा आशय. आदल्याच महिन्यात कॅलिफोर्नियात एबी २४२६ या कायद्यावर सही झाली होती. दिलेली वस्तू पुढे काढून घेता येण्यासारखी असेल, तर 'विकत घ्या' एवढंच लिहून गिऱ्हाइकाला अंधारात ठेवता येणार नाही, असं तो सांगतो. १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. ही ओळ पाहून ओळखीतल्या गेम खेळणाऱ्या पोरांनी लगेच निकाल देऊन टाकला: "बघा, स्टीम म्हणजेच डीआरएम!"

हा निकाल मला पटत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. परवाना हा कायद्याचा मामला. वीस वर्षांपूर्वी खोक्यातून मिळणारी सीडीसुद्धा परवान्यावरच मिळायची, फक्त ते बारीक टायपातलं कलम कुणी वाचत नसे. डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे डीआरएम, हे परवानगीशिवाय गेम चालू न देणारं कुलूप. हा प्रोग्रामच्या वागणुकीचा मामला आहे. मी लावतो ती कसोटी अशी: गेम चालायला लागणारं सगळं तुमच्या मशीनवर हजर आहे, आणि तरीही केवळ परवानगीचा पुरावा मिळाला नाही म्हणून तो चालायला नकार देतो, तर तिथे डीआरएम आहे. नकार देत नसेल तर नाही, मग तो कुठल्याही दुकानातून घेतलेला असो.

ही कसोटी घरी लावून बघता येते. स्टीमवरून गेम डाउनलोड करा, त्याचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, स्टीम नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका, नेट बंद करा आणि गेमच्या फाइलवर डबल क्लिक करा. काही गेम निमूटपणे सुरू होतात. काही स्टीम उघडायला सांगतात. म्हणजे स्टीम हे दुकान आहे, आणि कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. स्टीम चालवणारी व्हॉल्व कंपनी त्याला एक तयार वेष्टण देते. ते गेमच्या मुख्य फाइलला गुंडाळलं जातं आणि हे खातं या गेमचं मालक आहे का, असं स्टीमला विचारतं. मौज म्हणजे व्हॉल्वच्या स्वतःच्या तांत्रिक माहितीतच लिहिलंय की हे वेष्टण एकट्याने चाचेगिरी रोखू शकत नाही, मनावर घेतलेला माणूस ते सहज काढतो.

एकाच गेमच्या दोन प्रतींतसुद्धा फरक असू शकतो. मे २०११मध्ये 'द विचर २' हा गेम बाजारात आला. तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्याच जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या प्रतीत डीआरएम नव्हतं. त्याच दिवशी दुकानातून आणलेल्या डीव्हीडीत मात्र सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं, जे थोड्याच दिवसांत १.१ या पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने, काढून टाकलं. म्हणून 'या गेममध्ये डीआरएम आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दुकानाची प्रत, कोणती आवृत्ती, हेही विचारावं लागतं.

आता सिक्युरॉमचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र तिथे आहे.

डीआरएमचा मूळ पेच असा की डिजिटल माहितीची नक्कल हुबेहूब होते. शून्य ते शून्य, एक तो एक. मग प्रोग्रामने अस्सल आणि नक्कल ओळखायची कशी? सुरुवातीचे उपाय डिस्कच्या बाहेरचे होते. आपल्याकडे असंख्य जणांनी शाळेतल्या किंवा शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर खेळलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली यायची. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. परवानगीचा पुरावा म्हणजे छापील पुस्तिका. तिची झेरॉक्स निघाली की विषय संपला.

सीडी आल्यावर पुरावा डिस्कमध्येच लपवायची धडपड सुरू झाली. मॅक्रोव्हिजनच्या सेफडिस्कने डिस्कवर मुद्दाम वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, पेरले. नक्कल करणारं सॉफ्टवेअर ते दुरुस्त करून टाकी किंवा गाळून टाकी, आणि मग नक्कल मूळापेक्षा निर्दोष निघाली म्हणून पकडली जाई! पण पुढे वाईट सेक्टरही जसेच्या तसे उतरवणारी सॉफ्टवेअरं आली. मग सोनीच्या डीएडीसी कंपनीने बनवलेल्या सिक्युरॉमने वेगळाच प्रश्न विचारला. डिस्कवर काय लिहिलंय हे बाजूला ठेवा, ते कुठे लिहिलंय?

सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेघेत असते. रेघेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात सव्वासहाशे वेढे. ही रेघ सेक्टरांमध्ये वाटलेली असते. मूळ वेगाला, म्हणजे गाणी वाजवतानाच्या वेगाला, लेझरखालून सेकंदाला ७५ सेक्टर सरकतात आणि रेघ सेकंदाला १.२ ते १.४ मीटर वेगाने पुढे जाते. मधला आकडा १.३ मीटर धरला तर एका सेक्टरची लांबी निघते सुमारे १७.३ मिलिमीटर. सर्वांत आतल्या वेढ्याची त्रिज्या साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे परीघ १५७. तिथे एका वेढ्यात जेमतेम ९ सेक्टर बसतात, तर बाहेरच्या कडेला २१.

गंमत त्या '१.२ ते १.४' मध्ये आहे. प्रमाणकाने एवढी सूट दिली आहे, त्यामुळे डिस्कचा मूळ साचा बनवताना सेक्टर किंचित लांब किंवा आखूड ठेवता येतो. मुद्दामहून काही पट्ट्यांत दाट, काही पट्ट्यांत विरळ असंही करता येतं. वाचणाऱ्या ड्राइव्हला त्याने काही फरक पडत नाही. पण अमुक सेक्टर वर्तुळावर नेमका कोणत्या कोनात पडला, ते बदलतं.

किती बदलतं? दहा हजार सेक्टर म्हणजे १७३ मीटर रेघ, आणि ती गुंडाळायला आतल्या बाजूला हजारेक वेढे लागतात. सेक्टरची लांबी एका टक्क्याचा शंभरावा भाग, ०.०१ टक्का, एवढीच वाढवली असं समजा. दहा हजारावा सेक्टर आता रेघेवर १७ मिलिमीटर पुढे सरकला. तिथल्या वेढ्याचा परीघ १६८ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सेक्टर वर्तुळाच्या दहाव्या हिश्शाने, सुमारे ३७ अंशांनी फिरला. डोळ्यांनाच काय, मापनयंत्रालाही अवघड जाईल असा फरक हजार वेढ्यांत साठत साठत ढळढळीत होतो.

आणि तो मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. घड्याळ पुरतं. मूळ वेगाला आतला भाग वाचताना डिस्क मिनिटाला ५०० फेऱ्या मारते, आठपट वेगाला ४,०००. म्हणजे एक फेरी १५ मिलिसेकंदांची. ड्राइव्हला एक सेक्टर मागा, वेळ टिपा, लगेच दुसरा मागा, पुन्हा वेळ टिपा. लेझरचं डोकं जागेवर पोचल्यावरही तो सेक्टर फिरून खाली येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि हा थांबा दोन सेक्टरांमधल्या कोनावर ठरतो. ३७ अंशांचा फरक म्हणजे दीड मिलिसेकंद. कॉम्प्युटरच्या लेखी हा मोठा काळ आहे. मोजणीत गोंधळ असतोच (डोक्याची हालचाल, ड्राइव्हची तात्पुरती मेमरी, मोटरचा कमीजास्त वेग), म्हणून एकाच मोजणीवर विसंबून चालत नाही. डिस्क घातल्यावर ड्राइव्ह काही सेकंद गुरगुरत बसायचा, त्यात हेही काम चाललेलं असे.

मग हुबेहूब नक्कल केलेली सीडी इथे का फसते? कारण कोरी सीडी पूर्णपणे कोरी नसते. तिच्यावर कारखान्यातूनच एक सर्पिल खोबण आलेली असते, आणि त्या खोबणीला सूक्ष्म लहर असते. मूळ वेगाला या लहरीची वारंवारता २२.०५ किलोहर्ट्झ. सीडी लिहिणारा ड्राइव्ह, म्हणजे रायटर, या लहरीवर ताल धरून लिहितो. म्हणजे सेक्टरांची घनता मूळ डिस्क ठरवत नाही, ती कोऱ्या डिस्कच्या कारखान्यात आधीच ठरलेली असते. एका दुरेघी वहीतला धडा दुसऱ्या वहीत उतरवून काढला तर शब्द तेच राहतात, पण ओळ कुठल्या शब्दावर मोडेल हे नव्या वहीची रुंदी ठरवते, तसंच हे. शून्य-एक सगळे बरोबर, कोन सगळे चूक. आणि साधा रायटर हे कोन बदलूच शकत नाही. नक्कल होऊ न शकणारी गोष्ट डिजिटल माहितीत नव्हती, ती प्लास्टिकच्या भूमितीत होती.

तोड निघालीच. अल्कोहोल १२०% आणि डेमन टूल्ससारखी सॉफ्टवेअरं मूळ डिस्कचे हे कोन मोजून नकलेसोबत वेगळे साठवू लागली. मग सॉफ्टवेअरनेच उभा केलेला आभासी ड्राइव्ह सेक्टर देताना तेवढा वेळ मुद्दाम थांबायचा, जणू डिस्क फिरतेच आहे. सिक्युरॉमने यावर आभासी ड्राइव्हच हुडकायला सुरुवात केली आणि तो सापडला की गेम बंद. ज्याने ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच कामासाठी ठेवलं होतं, तोही अडकला. आणि खरा चोर या वाटेला जातच नसे. तो 'नो-सीडी क्रॅक' लावून मोजणी करणारा भागच उडवून द्यायचा.

या डिस्कवाल्या जमान्याचा शेवट कडू झाला. सेफडिस्क विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा एक ड्रायव्हर, म्हणजे तिथेच चालणारा छोटा प्रोग्राम, बसवायचं. त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि २००७ साली मायक्रोसॉफ्टला ते बुजवावं लागलं. २०१५मध्ये विंडोज १०मधून त्याला रजा मिळाली, जुन्या विंडोजवरही सप्टेंबर २०१५च्या अपडेटने तो बंद झाला. परिणाम असा की अस्सल सीडी जपून ठेवणाऱ्याचा गेम चालेना, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या फुटपाथवरून क्रॅक केलेली सीडी आणणाऱ्याचा चालत राहिला.

पुढची पायरी नेटवरची नोंदणी. २००४च्या नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' ने खोक्यातला गेमही स्टीमवर नोंदवायला लावला तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. आज त्याचं कुणाला काही वाटत नाही. २००८चा 'स्पोर' सुरुवातीला तीनच नोंदण्या देत होता, चौथ्या कॉम्प्युटरसाठी कंपनीला विनंती करा! २०१०मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २'च्या पीसी आवृत्तीला खेळताना सतत नेट लागेल अशी अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरांवर हल्ला झाला आणि पैसे भरलेली माणसं एकट्याने खेळायच्या गेमपासून वंचित राहिली. या तिन्ही गोष्टी कसोटीवर सरळ डीआरएम आहेत, वाद नाही.

वाद डेन्युवोवर आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची ही कंपनी सोनी डीएडीसीतूनच बाहेर पडलेल्या लोकांची, म्हणजे सिक्युरॉमचंच घराणं. २०१४च्या 'फिफा १५' पासून तिचं नाव झालं. कंपनी म्हणते, आमचं उत्पादन डीआरएम नाही. ते छेडछाड-विरोधी आहे, दुसऱ्याच्या डीआरएमचं रक्षण करतं. तांत्रिक अर्थाने खरं आहे. परवानगी विचारणारा कोड ते गेमभर विखुरतं आणि न वाचता येण्याइतका गुंतागुंतीचा करून ठेवतं, म्हणजे पूर्वीसारखा एक तुकडा कापून भागत नाही. पण त्यासाठी तुमच्या हार्डवेअरशी बांधलेला परवाना सर्व्हरवरून आणावा लागतो आणि तो नसेल तर गेम उघडत नाही. माझ्या कसोटीवर हे डीआरएमच. डेन्युवो एसएसडी जाळून टाकतं ही २०१४मधली अफवा मात्र निव्वळ अफवा होती. ती पसरवणाऱ्यांनी पुरावा काही दिला नाही, तरी अजून कुणी ना कुणी ती गंभीर चेहऱ्याने ऐकवतोच.

उलट बाजूने, 'व्हॅलोरंट'चं व्हॅनगार्ड विंडोजच्या गाभ्यात बसतं म्हणून त्याला डीआरएम म्हणणारे चुकतात. गेम फुकट आहे, नक्कल रोखायचा प्रश्नच नाही. व्हॅनगार्ड फसवणूक करून खेळणाऱ्यांना पकडतं. ते खुपत असेल तर जरूर खुपावं, पण कारण वेगळं आहे.

खरा धूसर प्रदेश सर्व्हरचा. शेकडो लोक एका जगात खेळतात असा गेम सर्व्हरशिवाय चालत नाही, कारण त्याचा अर्धा भाग तुमच्याकडे नसतोच. हे डीआरएम नव्हे. पण मार्च २०१३च्या 'सिमसिटी'बद्दलही असंच सांगितलं होतं, की शहराची गणितं सर्व्हरवर होतात. वर्षभराने, मार्च २०१४मध्ये, त्याच गेमला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ला ती कधीच मिळाली नाही. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने गाडी चालवायची मोहीमसुद्धा त्यांच्यासोबत गेली. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ त्यावरूनच पेटली.

यावर ब्लॉकचेनचा, म्हणजे खोडता न येणाऱ्या सार्वजनिक डिजिटल वहीचा, अंगारा फुंकणारेही भेटले. वहीत तुमचं नाव कायमचं कोरलं की वस्तू तुमची, असं सांगत डिसेंबर २०२१मध्ये युबिसॉफ्टनेच 'घोस्ट रिकॉन ब्रेकपॉइंट' या गेममध्ये एनएफटी, म्हणजे अशा वहीत मालकी नोंदलेल्या शिरस्त्राणासारख्या वस्तू, आणल्या. काही महिन्यांतच त्या गेममध्ये नवीन काही घालणं कंपनीने थांबवलं. वहीतलं नाव शाबूत आहे, पण ते नाव वाचून शिरस्त्राण दाखवायचं की नाही हे शेवटी गेमचा कोडच ठरवतो.

आपला कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या उद्देशाने असं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'उद्देशाने' हा शब्द कलमातच आहे. आणि त्याच कायद्याचं कलम ५२ कॉम्प्युटर प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढू देतं. म्हणजे बॅकअप काढायची मुभा कायद्यात आहे आणि काढलेली बॅकअप चालवायला सिक्युरॉम तयार नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही एक सूट आहे, आणि ती वाचताना मला माझीच कसोटी समोर आल्यासारखं वाटलं. खरेदीच्या वेळीच वस्तू कायमची उतरवून बाहेरच्या साठ्यावर ठेवता येत असेल आणि नेटशिवाय वापरता येत असेल, तर विक्रेत्याला ती सूचना द्यायची गरज नाही. जीओजीचे ऑफलाइन इन्स्टॉलर या व्याख्येत थेट बसतात. स्टीमवरच्या गेमचं मात्र एकेक करून बघावं लागतं. घेण्याआधी तपासायचं असेल तर पीसीगेमिंगविकीवर प्रत्येक गेमच्या पानावर दुकानवार तक्ता असतो, त्यात डीआरएमचा रकाना वेगळा दिलेला आहे.