बोथट कुपी, जळणारी ढाल

१५ जुलै २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांची ड्रॅगन अवकाशकुपी कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरली. टीव्हीवर दिसली तेव्हा ती ठिकठिकाणी करपलेली होती. शुक्ला खडकवासल्याच्या एनडीएचे माजी छात्र, त्यामुळे पुण्यात ते दृश्य जरा जास्तच आपुलकीनं पाहिलं गेलं. त्या काजळीमागे फार देखणी अभियांत्रिकी आहे. तिचा मोठा भाग ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या मॅक्सिम फाजे यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

फाजे यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२१ चा, तेव्हाच्या ब्रिटिश होंडुरासमधला, म्हणजे आजच्या बेलीझमधला. वडील डॉक्टर, कुष्ठरोगाच्या उपचारांत मोठं काम केलेले. मुलगा लुइझियानात मेकॅनिकल इंजिनिअर झाला, युद्धात पाणबुडीवर होता आणि १९४६ मध्ये व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत रुजू झाला. मर्क्युरीपासून स्पेस शटलपर्यंत अमेरिकेच्या प्रत्येक मानवी यानावर त्यांचा हात फिरला. मला त्यांचं मोठेपण एका गोष्टीत दिसतं. जे काम यंत्राला सांगावं लागलं असतं, ते त्यांनी आकाराकडून आणि पदार्थाकडून करून घेतलं. यंत्र बिघडू शकतं, आकार बिघडत नाही.

आधी अडचण काय होती ते पाहू. पृथ्वीजवळच्या कक्षेत यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगानं फिरतं. या वेगामुळे त्याच्या प्रत्येक किलोत साधारण ३० मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. एवढ्या ऊर्जेत अकरा-बारा किलो पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होईल. घरी परतायचं तर ही सगळी ऊर्जा काही मिनिटांत कुठेतरी सोडून द्यावी लागते. ती यानातच शिरली, तर कोणताही धातू टिकणार नाही.

१९५०च्या सुमारास बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की वेग जास्त तर नाक टोकदार हवं. कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेतले एच. ज्युलियन ॲलन यांनी १९५१ मध्ये गणितानं याच्या उलट दाखवलं. टोकदार नाकावर आघात-लहर, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेची कड, अगदी चिकटून बसते आणि तापलेली हवा धातूलाच भाजत राहते. नाक बोथट, रुंद केलं, तर समोरच्या हवेला बाजूला सरकायला वेळ मिळत नाही. ती दाबली जाते आणि आघात-लहर यानापासून थोडी पुढे, सुटी उभी राहते. उष्णता तयार होते ती मुख्यतः त्या दाबलेल्या हवेत, आणि हवा ती सोबत घेऊन कडेनं निघून जाते. यानाच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा येतो. परतताना यान तापतं ते हवेच्या घर्षणानं, असं आपण शाळेत सरसकट ऐकतो. खरं तर तिथे मोठा वाटा हवा दाबली जाण्याचा आहे.

ॲलन यांची कल्पना अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या टोकांसाठी होती. मार्च १९५८ मध्ये एम्सलाच भरलेल्या परिषदेत फाजे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तीच कल्पना माणसासाठी मांडली. पंख नाहीत, सुकाणू नाही. बुडाशी रुंद, वर निमुळती होत जाणारी कुपी, आणि तिचं रुंद बूड पुढे करून हवेत शिरायचं. पंखांचं विमानच अवकाशातून परत आणावं असं वाटणारे लोक तेव्हा पुष्कळ होते आणि त्यांना हा प्रकार अगदीच रांगडा वाटला. पण कुपीचा आकार आणि वजनाची वाटणी अशी होती की दाट हवेत आल्यावर ती आपोआपच बूड पुढे करून स्थिर व्हावी.

याची परीक्षा ९ सप्टेंबर १९५९ रोजी झाली, आणि ती योजनेपेक्षा कितीतरी कठीण झाली. ‘बिग जो’ नावाच्या त्या माणूसविरहित चाचणीत ॲटलास रॉकेटचे बाजूचे इंजिन गळून पडायचे ते पडलेच नाहीत. कुपी उशिरा सुटी झाली. रॉकेटला धरून असतानाच दिशा बदलायच्या खटपटीत तिनं नियंत्रणासाठी ठेवलेला सगळा वायू संपवून टाकला होता. म्हणजे ती वातावरणात शिरली तेव्हा तिला सरळ करणारं कुणीच नव्हतं. तरी ती हवेच्या जोरानं वळली, ढाल पुढे करून खाली आली आणि समुद्रातून धड काढली गेली. ठरल्याप्रमाणे पार पडलेल्या चाचणीनं सिद्ध केलं असतं त्यापेक्षा जास्त या फसलेल्या चाचणीनं सिद्ध केलं.

यंत्राचं काम पदार्थाकडून करून घ्यायचा हाच विचार पुण्यात शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांनी एका किलोच्या उपग्रहात वापरला आहे. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ हा दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून कक्षेत गेला. त्याची दिशा राखायला मोटर नव्हती, इंधन नव्हतं. आत एक कायमचुंबक होता, तो होकायंत्राच्या काट्यासारखा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतो. आणि काही खास चुंबकीय सळ्या होत्या, त्या डुलणं जिरवून टाकतात. त्यासाठी वीज शून्य लागते. एवढ्याशा ठोकळ्यावरच्या सौरपट्ट्या देतील तेवढ्याच विजेवर सगळं भागवायचं असताना हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे वेगळं सांगायला नको.

आता ढालीकडे येऊ. उष्णतेचा लहान हिस्सा यानाकडे येतो म्हटलं, तरी तो लहान हिस्सासुद्धा पोलाद वितळवणारा असतो. मर्क्युरीच्या सुरुवातीच्या, कक्षेत न जाणाऱ्या उड्डाणांसाठी बेरिलियम धातूची जाड ढाल होती. तिनं नुसती उष्णता पिऊन घ्यायची. कक्षेतून परतण्यासाठी ते पुरेसं नव्हतं. त्यासाठी निवडली गेली काचतंतू आणि फिनॉलिक रेझिन यांची ढाल.

फिनॉलिक आपल्या घरात आहे. प्रेशर कुकरची काळी मूठ, जुन्या वाड्यांतले काळे-तपकिरी गोल खटके, हे सगळं याच कुळातलं. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं बेकेलाइट म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचं रेझिन. कुकरची मूठ कधी गॅसच्या ज्योतीजवळ राहिली असेल, तर काय होतं ते नीट आठवून पाहा. प्लॅस्टिकच्या बादलीसारखी ती वितळून ओघळत नाही. वास येतो, धूर येतो, पृष्ठभाग काळा, खडबडीत होतो, क्वचित चिरा पडतात. आतला भाग बराच वेळ शाबूत असतो. कारण या रेझिनचे रेणू एकमेकांत सगळ्या बाजूंनी घट्ट गुंतलेले असतात. ते एकमेकांवरून घसरू शकत नाहीत, म्हणून वितळायला वावच नाही. तापमान वाढत गेलं की ते थेट तुटतात.

ढालीत नेमकं हेच घडवून आणलं जातं. काही शे अंशांपुढे रेझिन तुटायला लागतं आणि तुटताना उष्णता खातं. त्यातून निघालेले वायू बाहेर पडतात आणि समोरून येणाऱ्या तप्त हवेला पृष्ठभागापासून दूर ढकलतात. मागे उरतो सच्छिद्र कोळसा, रेझिनच्या वजनाच्या जवळपास निम्मा. हा कोळसा इतका तापतो की झगझगीत उजळून मिळालेल्या उष्णतेतली बरीचशी पुन्हा बाहेर फेकतो. शिवाय तो उष्णतेचा वाईट वाहक असल्यानं आतल्या थराला झाकून ठेवतो. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम तंतू करतात. नुसतं रेझिन असतं तर कोळशाचे पोपडे वाऱ्यानं उडून गेले असते, आणि नुसते तंतू असते तर तूट आणि धूर यांतून मिळणारं संरक्षण मिळालं नसतं. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपांत ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतात, त्या तंतू-रेझिनच्या जोडीतला हा सर्वांत कसोटीचा उपयोग असावा. ढाल वरून झिजत जाते, आणि झिजताना आतल्या माणसाला थंड ठेवते.

शुक्ला ज्या कुपीतून आले, तिची ढालही फिनॉलिक घराण्यातलीच आहे. एम्समध्ये विकसित झालेल्या ‘पिका’ या पदार्थाची ती सुधारित आवृत्ती. यात कार्बनतंतूंच्या पोकळ जाळीत फिनॉलिक मुरवलेलं असतं. मूळ पिकाची घनता पाण्याच्या साधारण पाव पट, म्हणजे हातात घेतली तर थर्मोकोलची आठवण व्हावी इतकी हलकी. धूमकेतूची धूळ आणणारी स्टारडस्ट कुपी जानेवारी २००६ मध्ये याच ढालीच्या बळावर सेकंदाला १२.९ किलोमीटर वेगानं शिरून सुखरूप उतरली. आपल्या इस्रोनं २००७ मध्ये परत आणलेल्या एसआरई-१ कुपीच्या नाकावर कार्बन-फिनॉलिक होतं आणि अंगावर सिलिकाच्या फरशा. डिसेंबर २०१४ च्या केअर या चाचणीतल्या गगनयानाच्या नमुना कुपीलाही झिजणारीच ढाल होती.

फाजे यांची आसनाची कल्पना मला ढालीइतकीच आवडते. उड्डाणात रॉकेट माणसाला पाठीकडून ढकलतं. परतताना कुपी बूड पुढे करून येते, म्हणजे उलटी फिरलेली असते, आणि हवेनं वेग कमी होताना भार पुन्हा पाठीवरच येतो. एकच आसन दोन्ही वेळा चालतं, काहीही न फिरवता. प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा साचा घेऊन काचतंतूचं आसन ओतायचं, म्हणजे भार एका मणक्यावर न पडता सगळ्या पाठीवर वाटला जातो. मर्क्युरी कक्षेतून परतताना आठ ‘जी’च्या, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या आठपटीच्या आसपास भार येई, सत्तर किलोचा माणूस तेव्हा साडेपाचशे किलोचा होतो. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जॉन्सव्हिलमधल्या सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला गरगर फिरवून भार देणाऱ्या यंत्रावर, अशा आसनात पडून स्वयंसेवकांनी २० ‘जी’ सोसून दाखवले.

शटलच्या बाबतीत मात्र त्यांचं सगळं ऐकलं गेलं नाही. एप्रिल १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना बोलावून स्वतः केलेलं बाल्सा लाकडाचं छोटं विमान उडवून दाखवलं. सरळ, आखूड पंखांचं ते यान बोथट पोट पुढे करून हवेत शिरणार होतं. लष्कराला उतरताना बाजूला दूरवर जाऊ शकणारं यान हवं होतं, त्यामुळे त्रिकोणी पंख आले. १९८०च्या दशकात फाजे यांच्या स्पेस इंडस्ट्रीज या कंपनीनं ह्यूस्टन विद्यापीठाबरोबर ‘वेक शील्ड’ ही सुमारे पावणेचार मीटर व्यासाची पोलादी तबकडी बांधायला घेतली. कक्षेत वेगानं जाणारी तबकडी समोरचे विरळ अणू झाडून काढते आणि तिच्या पाठीमागे पृथ्वीवर न मिळणारी निर्वात जागा तयार होते. १९९४ ते १९९६ दरम्यान तीन शटल मोहिमांत तिथे गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकांचे पातळ थर वाढवण्याचे प्रयोग झाले. पोकळी तयार करायलाही पंप नाही, नुसता आकार आणि वेग!

पण माणसाचे प्राण थेट वाचवणारा त्यांचा शोध म्हणजे सुटका-मनोरा. कुपीच्या डोक्यावर सांगाडा आणि त्यावर घन इंधनाचं रॉकेट, मिळून सुमारे पाच मीटर उंच. खालचं मोठं रॉकेट बिघडलं, की हे पेटतं आणि जेमतेम सेकंदभरात कुपीला ओढून दूर नेतं. घन इंधन का, तर पेटवायला पंप, झडपा काही लागत नाहीत. ठिणगी मिळाली की पूर्ण जोर. त्याची किंमतही आहे: एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून बाहेरचं कवच निर्दोष हवं. साखर कारखान्यांची यंत्रं करणारं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर इस्रोच्या घन इंधनाच्या रॉकेटांसाठी अशी कवचं अनेक वर्षं बनवतं आहे.

एप्रिल १९६१ मध्ये ॲटलास रॉकेट भरकटल्यानं उडवून द्यावं लागलं, तेव्हा या मनोऱ्यानं रिकामी मर्क्युरी कुपी वाचवली, आणि तीच कुपी दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये पुन्हा उडवली. रशियनांनीही त्यांच्या सोयुझ यानासाठी हीच पद्धत घेतली. २६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकोनूरच्या उड्डाणतळावर उड्डाणाआधीच रॉकेटनं पेट घेतला. मनोऱ्यानं व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्ट्रेकालोव यांना ज्वाळांतून उचलून काही किलोमीटर दूर उतरवलं. पुढच्याच एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून गेले. शर्माही एनडीएचेच. त्यांच्या शेजारी फ्लाइट इंजिनिअर म्हणून बसलेले होते हेच स्ट्रेकालोव.

शटलला असा मनोरा नव्हता. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं तेव्हा सात जणांना सुटायला वाट नव्हती. गगनयानात तो आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेल्या टीव्ही-डी१ चाचणीत एका टप्प्याच्या रॉकेटनं कुपीला ध्वनीच्या वेगापलीकडे नेलं आणि मग मनोऱ्यानं तिला ओढून वेगळं केलं. हवाई छत्र्या ठरल्याप्रमाणे उघडल्या. बंगालच्या उपसागरात पडल्यावर कुपी उलटी झाली, आणि नौदलानं ती तशीच बाहेर काढली. पुढच्या चाचणीच्या कुपीत तिला पाण्यावर सरळ करणारी यंत्रणा बसवायची, असं इस्रोनं त्यानंतर ठरवलं.