म्हाडाचं घर आणि एसआरएचं घर

“ताई, एसआरएची लॉटरी कधी निघते?” हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. एसआरएची लॉटरी निघत नाही. लॉटरी म्हाडाची. मुंबईत ही दोन नावं इतकी एकमेकांत मिसळली आहेत की दलाल त्यावरच पैसे काढतात.

म्हाडा म्हणजे राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण. ते १९७७ पासून घरं बांधतं आणि विकतं. सोडतीत नंबर लागला तरी किंमत पूर्ण भरावी लागते. म्हाडा आधी बघतं तुमचं उत्पन्न. मुंबईत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट. शिवाय अधिवासाचा दाखला हवा. झोपडीत राहता की चाळीत, याच्याशी म्हाडाला देणंघेणं नाही.

एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. ते १९९५ साली आलं. ते स्वतः घर बांधत नाही, योजना मंजूर करतं. बांधतो बिल्डर. मोकळ्या झालेल्या जागेत त्याला विक्रीची इमारत उभारता येते आणि त्या पैशातून झोपडीवाल्यांची घरं होतात. म्हणूनच बिल्डरचे पैसे आटले की काम थांबतं, त्याने द्यायचं भाडं थकतं आणि माणसं वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, अडकतात. घाईने योजनेच्या संमतीपत्रावर सही करणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

एसआरए तुमचा पगार विचारत नाही, तारीख विचारतं. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर ३०० चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतरची, पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरून. पात्र कोण, ते परिशिष्ट-२ मध्ये लिहिलेलं असतं. झोपडपट्टी म्हाडाच्या जमिनीवर असेल तर ही यादी म्हाडाचेच अधिकारी करतात. लोकांचा घोळ होतो तो इथेच.

आमच्या गल्लीतल्या मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत १९९८ चं लाइट बिल आणि मतदार यादीचा उतारा जपून ठेवलाय. बिलाची शाई इतकी उडालीय की तारीख उजेडात तिरकी धरून वाचावी लागते. पण तेवढ्यावर त्या पात्र ठरल्या. त्यांचा धाकटा मुलगा मात्र लोखंडी शिडीने चढायच्या पोटमाळ्यावर बायको आणि दोन मुलींसह राहतो. तो अपात्र, कारण एका झोपडीला एकच घर. वरचा संसार वेगळा, चूल वेगळी, तरी कागदावर तो नाहीच. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, कारण मुंबईतल्या वस्त्या वरच्या बाजूलाच वाढल्या आहेत.

आता तो म्हाडाच्या अत्यल्प गटातून अर्ज भरतोय. त्या गटातली गोरेगावची घरं २०२३ च्या सोडतीत ३० लाखांच्या आसपास होती. त्याचा पगार रोखीत मिळतो, त्यामुळे बँकेला दाखवायला स्लिप नाही. काल तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेला होता. मालकाचं पत्र आणा, असं सांगून त्याला परत पाठवलं.